सरसकट किट नको, चेहऱ्याला बसणारा मास्क द्या

महोदय,

साथ आली की तालुका रुग्णालयांसाठी पीपीई किटची सरसकट खरेदी होते. लहान मुलांचे डोळे तपासणाऱ्यांची गरज मात्र वेगळी आहे. पुढच्या खरेदीआधी बेळगाव जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने तिचा विचार करावा, ही विनंती.

स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, डॉक्टर आणि मूल यांच्या तोंडांत जेमतेम वीत-दीड वीत अंतर असतं. त्यात, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२० मध्ये सांगितलं होतं. आणि डोळ्यांत थेंब पडले की मूल रडणारच. त्यामुळे बचावाची सगळी भिस्त डॉक्टरच्या मास्कवर असते.

किटमधलं फेस शील्ड इथे निरुपयोगी. ते आयपीसला, म्हणजे डॉक्टर ज्या भिंगांतून पाहतात त्यांना, आदळतं, मग कपाळावर सरकवलं जातं आणि तिथेच राहतं. त्यापेक्षा स्लिट लॅम्पलाच पारदर्शक पडदा बसवावा. जुनी एक्स-रे फिल्म धुऊन स्वच्छ केली आणि आयपीसपुरती दोन भोकं पाडली, तरी काम भागतं. पडदा अ‍ॅक्रिलिकचा असेल तर स्पिरिटने पुसू नये, बारीक तडे जाऊन तो धुरकट होतो. साबणाचं पाणी पुरे.

मास्क एन-९५ हवा, पण व्हॉल्व्हचा नको. त्यातून डॉक्टरचा श्वास न गाळता थेट मुलाच्या तोंडावर जातो. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा मानेवर घ्यावा. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे हवा लागली तर मास्क नीट बसलेला नाही. तपासताना चष्मा किंवा भिंग धुरकटलं, तरी अर्थ तोच. अशा वेळी आधी मास्क पुन्हा बसवावा, त्याच्या कडेला चिकटपट्टी नंतर. दाढी असेल तर कितीही महागडा मास्क घट्ट बसत नाही.

किट काढताना चूक जास्त होते. दमलेला माणूस आधी मास्कला हात घालतो. आधी हातमोजे, मग गाऊन, मग हात धुऊन गॉगल. मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर येऊन. मग पुन्हा हात धुवावेत.

मुलांना दाखवायला दवाखान्यातली खेळणी नकोत, पालकांच्याच मोबाईलवरचं कार्टून चालतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने अ‍ॅट्रोपिनचं मलम घरीच लावून आणलं, तर डोळ्याची बाहुली मोठी होईपर्यंत ओपीडीत बसून राहावं लागत नाही.

सगळ्यात नाजूक प्रश्न अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यातला पडदा (रेटिना) जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासावाच लागतो. फारच लहान बाळांचा त्याहून लवकर. उपचार लागले तर हातात दोन-तीन दिवसच असतात. निपाणी-चिकोडीकडची कुटुंबं एरवी कोल्हापूर-मिरजेला जातात, पण २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर वाट अडली होती. म्हणून निपाणी, चिकोडी आणि खानापूरच्या रुग्णालयांत प्रत्येक स्लिट लॅम्पला पडदा, डॉक्टरांना मापाचे एन-९५ आणि नवजात कक्षातल्या तपासणीसाठी वेगळे गाऊन आधीपासून असावेत.

– बेळगाव परिसरातील काही नेत्रतज्ज्ञ