बाबा, मी फुकट राबत नाहीये

आई-बाबा, दादा, वहिनी,

तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतंय, हे आधीच लिहून टाकते म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल. गेले तीन रविवार फोन दोन मिनिटांत ठेवला, त्याचं तुम्हाला वाईट वाटलंय हे वहिनीनं सांगितलं. बोलत राहिले असते तर रडू आलं असतं आणि तुमची अख्खी रात्र गेली असती, म्हणून टाईप करतेय.

बाबा, ज्याला तुम्ही फुकट राबणं म्हणता, त्या इथल्या पळण्याच्या क्लबमध्ये मी पोरांना कोचिंग देते. तिथे एक पोरगा आहे, सोळा वर्षांचा, 1500 मीटर आणि क्रॉस कंट्री पळतो. त्याची आई गेली. नाव लिहीत नाही, दुसऱ्याच्या घरातलं दुःख आहे.

इथे माणूस गेलं की काय करतात ते मला आधी झेपलंच नाही, आई तुला तर अजिबात पटणार नाही. आयर्लंडमध्ये आरआयपी डॉट आयई नावाची वेबसाईट आहे, कोण गेलं, किती वाजता घरी यायचं, चर्च कुठलं, सगळं त्यावर असतं आणि लोक ती रोज बघतात. मग बॉडी घरातच ठेवतात, पुढच्या खोलीत, पेटी उघडी, एक-दोन दिवस. दार सताड उघडं, रांग पार रस्त्यापर्यंत. एकेकानं आत जाऊन घरच्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, 'सॉरी फॉर युअर ट्रबल' एवढंच म्हणायचं आणि पुढे सरकायचं, ओळख असो नसो. आणि शेजारच्या खोलीत सँडविच, केक, चहा चालूच! आपल्याकडे चूल पेटवत नाहीत, इथे शेजारणी किचनचा ताबा घेतात आणि माणसं गेलेल्या बाईचे किस्से सांगून चक्क हसतात. मी दारात अवघडून उभी होते, हातात कुणीतरी चहाचा कप दिला तेव्हा घ्यावा की नाही कळेना, शेवटी घेतला. तिसऱ्या दिवशी चर्चबाहेर आमची सगळी पोरं क्लबची जर्सी घालून दोन्ही बाजूंनी उभी राहिली, पेटी मधून गेली. तो पोरगा पेटीला खांदा देत होता, त्याच्या बुटाला आदल्या आठवड्यातल्या रेसचा चिखल तसाच होता.

चौथ्या दिवशी तो ट्रेनिंगला हजर. आणि बाबा, तिथे माझी चूक झाली. मी त्याला म्हटलं, आता आईसाठी पळ. आपल्याकडे असंच म्हणतात ना, मला वाटलं धीर येईल. तो खाली बघत म्हणाला, आणि मी तिसावा आलो तर? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्यातले एक म्हातारे कोच आहेत, ते नंतर एवढंच म्हणाले, त्याच्या पाठीवर आधीच खूप आहे, अजून नको ठेवूस.

तेव्हापासून घड्याळ बंद केलं. त्याची झोप उडाली होती, खाणं सुटलं होतं, अशा अंगानं इंटरव्हल, म्हणजे मधेमधे थांबून जोरात पळायच्या फेऱ्या, मारल्या की पोरगं दुखापत घेऊन बसतं, आणि तो नेमका अंगातलं सगळं संपवून टाकायलाच धावत होता. मग हळू पाच किलोमीटर, सगळ्यांसोबत, बोलता येईल इतकंच. आईबद्दल तो बोलत नाही. मी आपलं सांगत राहते. इथून जवळच कोव्ह नावाचं गाव आहे, तिथली सोनिया ओसुलिव्हन, 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकला 5000 मीटरमध्ये सिल्व्हर, तिचा पुतळा आहे गावात, ते त्याला पाठ. मग मी आपल्या कविता राऊतबद्दल सांगितलं, सावरपाड्याची पोरगी, 2010 ला दिल्लीत कॉमनवेल्थमध्ये 10,000 मीटरला ब्राँझ, तर तो विचारतच सुटला, सावरपाड्याला चढ किती, पावसात पळतात का. त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाक्यं बोलला. ही सीझन तो पळणार नाही, शनिवारी लहान पोरांचं टायमिंग घेतो.

एक गोष्ट मात्र मला सुधरत नाहीये. इथे कोचनं मुलाला थेट मेसेज करायचा नाही, सगळं पालकांच्या ग्रुपवर. त्याच्या घरून ग्रुपवर आईचाच नंबर होता. आता वडिलांचा ॲड केला, पण आईचा काढू का विचारलं तर तो म्हणाला, राहू दे. त्यामुळे मंगळवारचं प्रॅक्टिस सातला आहे हे मी तिलाही पाठवते. दर वेळी हात थांबतो.

बाबा, आठवड्याचे तीन दिवस क्लबला देते ते फुकट राबणं नाही. कंपनीचं काम सांभाळून करते, प्रमोशन याच्यामुळे अडलेलं नाही, कृपा करून तसं आत्याला सांगू नका. नाशिकला भोसला शाळेच्या मैदानावर माझे पळण्याचे सर पहाटे साडेपाचला माझ्यासाठी उभे असायचे, त्यांनी कधी फी मागितली होती?

आणि हो, घराबाहेरच्या पोरासाठी तीन दिवस उभी राहिले आणि आजीच्या वेळी आले नाही, हे तुम्ही म्हणाला नाहीत, पण मला ऐकू येतं. सुट्टी मिळत होती, आई. तिकीट एक लाखाच्या वर होतं आणि होम लोन नुकतंच सुरू झालं होतं, मी हिशोब केला. रामकुंडावरचा व्हिडिओ कॉल अजून डोळ्यासमोर आहे, कावळा शिवेना, सगळे ताटकळत, आणि दादा हात जोडून म्हणाला, चिऊचं लग्न लावून देऊ, मग शिवला.

म्हणून सिन्नरच्या स्थळाबद्दल लिहिते. फोटो पाहिला, मुलगा बरा वाटतो, मी बोलेन त्याच्याशी, खरंच बोलेन. पण आजीला शब्द दिलाय म्हणून हो म्हण, असं आई परत म्हणू नकोस. नाही जमलं तर काय, हे मला कुणाला विचारता येत नाही.

दादा, साठ हजार पाठवलेत, गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाच्या आधी उरकून घे, उरतील ते आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला, तिला न सांगता ठेव (आई, वाचलंस तर वाचलंस). दिवाळीचं तिकीट काढलंय, या वेळी रद्द होणारं नाही घेतलं.

इथे महिना झाला की चर्चमध्ये परत जमतात, मंथ्स माइंड म्हणतात, आपलं मासिकच. ते शुक्रवारी आहे, आणि त्याच आठवड्यात आजीचं वर्षश्राद्ध. मी शिरा करून नेणार आहे, आजी करायची तसा, केळं घालून. वहिनी, चाळीस माणसांना रवा किती घेऊ ते आज रात्रीपर्यंत कळव.

तुमची
चिऊ