पोरांनी आधी आपल्याला सांगायला हवं ना

संपादक महोदय,

माझा मुलगा सहावीत आहे, मागच्या महिन्यात रात्री जेवताना नुसता भात चिवडत बसला होता, खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की गेममध्ये ओळख झालेला कोणीतरी 'दादा' त्याच्याकडे फोटो मागतोय आणि 'घरी सांगू नको' म्हणतोय. मी आधी ओरडले, तिथेच चुकलं, अशाने पोरं पुढच्या वेळी तोंडच उघडत नाहीत. मग शांतपणे स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि नंतर ब्लॉक केलं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हे नंबर आहेत, पण आमच्यातल्या कित्येक पालकांना माहीतच नाहीत! शाळांनी पालकसभेत मार्कांसोबत अर्धा तास गूगलच्या फॅमिली लिंकसारखी, मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायची सेटिंग्ज आमच्या फोनवर करून दाखवावीत, प्लीज.

– एक आई, नाशिक