येते म्हण

लातूर, रविवार

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

परवा बसमध्ये चढताना तू "जाते गं आई" म्हणालीस अन् मी स्टँडवर सगळ्यांदेखत ओरडले, "येते म्हण!" तू तोंड फिरवलंस. चुकलं माझं. पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर चाकणहून रात्री अकराला तू एकटी स्कूटीवर येतेस, ते डोक्यातून जात नाही.

तू म्हणतेस, शब्दानं काय होतंय? होत नसेल. पण आपल्याकडं कुंकू संपत नाही, वाढतं. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं, नारळ वाढवायचा, दिवा मालवायचा. तुझ्या स्कूटीचा ब्रेक माझ्या हातात नाही, म्हणून शब्द धरून बसते.

शकुन म्हणजे संस्कृतात पक्षी, हे बाबांनीच सांगितलेलं. आबा टिटवीची अंडी कुठं आहेत ते बघून पावसाचा अंदाज बांधायचे. तीच टिटवी रात्री घरावरून ओरडत गेली की आजी कानात बोटं घालायची.

अपशकुन हा शब्द मात्र मला ऐकवत नाही. काकू 1993 च्या उन्हाळ्यात लग्न होऊन आली. गणपती बोळवून सगळे झोपलेले, 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात माळवद खाली आलं अन् तुझे काका गेले. किल्लारीच्या भागात हजारो माणसं दगडमातीखाली गेली, तरी भावकीतल्या बाया काकूलाच पांढऱ्या पायाची म्हणाल्या. मी गप्प बसले. पुढं कुणीही कामाला निघालं की ती आपणहून न्हाणीत जाऊन थांबायची, समोर नको म्हणून. बारावीच्या पेपराला निघताना तूच तिला हाताला धरून उंबऱ्यावर आणलंस, तिच्याच हातानं दही-साखर खाल्लीस. इतक्या वर्षांत मला जमलं नव्हतं ते, लेकरा.

हेल्मेटचा पट्टा लावत जा. नुसतं डोक्यावर ठेवून काय उपयोग? अंधारात मागून ट्रक येतात, त्यांना... बघ, पुन्हा तेच. रागावू नको. खोलीवर पोचलीस की रोज मिसकॉल दे, उचलणार नाही मी.

काकूनं शेंगदाण्याची चटणी कुटलीय, कुणी पुण्याला निघालं की पाठवते. पीठ वाढलंय, गिरणी बंद व्हायच्या आत दळण आणायचंय.

तुझी आई