बाबा, नाथानाची गोष्ट तुम्हीच शिकवलीत

ती. आई-बाबांना प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला अजून महिना झालेला नाही, म्हणून अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे; तरीही आई, हे पत्र तूच त्यांना वाचून दाखव, आणि तेही सकाळी रक्तदाबाची गोळी झाल्यावर, रात्री नको.

मागच्या रविवारी मी धाकट्या काकूकडे जाऊन आलो. विहिरीकडच्या रानातला काकांचा जो हिस्सा आपल्याकडेच राहिला, त्याचे आजच्या भावाने होणारे पैसे मी तिला हप्त्याहप्त्याने देणार आहे आणि पहिला हप्ता देऊनही आलो आहे. तुम्हाला विचारले नाही, हे मला लागून राहिले आहे. पण विचारले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि मग तुमचा शब्द मोडून करावे लागले असते. माझ्या कॉलेजची फी त्याच रानातल्या उसावर भरली गेली, तेव्हा हे देणे आधी माझे आहे. तुमच्या औषधपाण्याला, आईच्या हाताखालच्या बाईंच्या पगाराला एक रुपयाही कमी पडणार नाही. ती तजवीज आधी केली, मगच काकूच्या दारात उभा राहिलो.

बाबा, काका गेले तेव्हा ओट्यावर बसून तुम्ही 'देवाने न्याय केला' असे म्हणालात, ते माझ्या मनातून जात नाही. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे लूकच्या १३ व्या अध्यायात प्रभू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पश्चात्ताप करायला सांगतो तो समोर ऐकत उभ्या असलेल्यांना. भावाच्या घरातले मरण हा आपल्या बाजूचा निकाल कसा मानावा?

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट तर मी तुमच्याच तोंडून ऐकली. रविवारच्या शाळेत तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवत असा, गरिबाची ती एकुलती कोकरी त्याच्या घासातले कशी खाई, त्याच्या उराशी कशी निजे आणि श्रीमंताने ती कशी हिरावून नेली, हे सांगताना आवाज अगदी खाली आणत असा, आणि मी तुमचा सदरा धरून रडत असे. दाविदाने संतापून चौपट भरपाई सांगितली, ती मोशेच्या नियमशास्त्राला धरूनच होती. फक्त गोष्टीतला आरोपी आपणच आहोत, हे त्याला ठाऊक नव्हते. जकातदार जक्कयाने तीच चौपट कोणी निकाल दिला नसताना कबूल केली. 'पश्चात्ताप' या आपल्या मराठी शब्दात नुसता मागाहून होणारा ताप आहे. जक्कयाचा ताप थेट थैलीपर्यंत पोहोचला होता.

मी काही नाथान नव्हे. वडील माणसाला टाकून बोलू नये, बापासारखे मानून समजवावे, असे पौल तीमथ्याला लिहितो, आणि इथे तर तुम्ही खरोखरच बाप आहात. आजीच्या आजारपणाचा सगळा खर्च तुम्ही एकट्याने सोसलात, हे मी विसरलेलो नाही आणि काकूही विसरलेली नाही. तिने बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला, पैशांचे पाकीट न उघडता पवित्र शास्त्राखाली ठेवले आणि एवढेच विचारले, "दादांना माहीत आहे का?"

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. शनिवारी दुपारच्या एसटीने मी येतो. त्याआधी काकूकडे जाऊन यायचे का, ते तेव्हा बोलू. तुम्ही नको म्हणालात तर मी हट्ट धरणार नाही. तोवर डोळ्यातले थेंब चुकवू नका, वाकून बादली उचलू नका, आणि आई, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय चर्चच्या पायऱ्या चढू नकोस.

तुमचा,
बाळू