आईच्या नावाचा वाफा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या पौषात आईचे वर्षश्राद्ध झाले. तिच्या नावाने सार्वजनिक उपयोगाचे काही करावे म्हणून आम्ही तिघा भावंडांनी थोडे पैसे बाजूला काढले होते. आई रोज सकाळी घराजवळच्या उद्यानात जायची आणि फिरण्यापेक्षा फुलांच्या वाफ्यांपाशीच जास्त रेंगाळायची. यंदा कुठे शेवंती लागणार, कुठे झेंडू, हे माळीदादा तिला आधी सांगत. म्हणून आम्ही उद्यानाच्या कचेरीत विचारले, एका वाफ्याचा हंगामभराचा खर्च आम्ही दिला तर चालेल का? उत्तर मिळाले, ‘बाक द्या, त्यावर ग्रॅनाइटची पाटी बसवता येते. फुलांसाठी पैसे घ्यायची सोय नाही.’

त्या उद्यानात स्मरणार्थ दिलेले बाक मुबलक आहेत. त्यांच्यासमोरचे निम्मे वाफे मात्र कोरडे पडले आहेत.

फुलांची हौस पुणेकरांना नाही असे कोण म्हणेल? एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा लोक तिकीट काढून, लेकरे कडेवर घेऊन गर्दी करतात. ती बाग सांभाळणारी अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० पासूनची. मुंबईत राणीच्या बागेतल्या प्रदर्शनालाही असाच लोंढा येतो. पण प्रदर्शन चार दिवसांचे. रोजच्या वाटेवरच्या बागेत एरवी फुले दिसावीत, यासाठी सामान्य माणसाला हातभार लावता येईल अशी व्यवस्था हवी.

झाडे लावा, असेही आम्हाला सुचवण्यात आले. झाडे लावावीतच, पण जुन्या बागेत नव्या झाडाला जागा कुठे उरली आहे? शिवाय फोटोपुरते लावलेले रोप चैत्रात पाण्यावाचून वाळते, तेव्हा ज्याच्या नावाने ते लावले त्याच्या घरच्यांना काय वाटत असेल, हे मी एका शेजाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. वाफ्याचे तसे नाही. थंडीच्या हंगामी फुलांचे सप्टेंबरअखेर बी पेरायचे, महिन्याभराने रोपे गादीवाफ्यावर लावायची, शेणखत नि निंबोळी पेंड द्यायची, सुकलेली फुले खुडत राहायची, म्हणजे नव्या कळ्या येत राहतात. हंगाम संपला की वाफा पुन्हा मोकळा. ज्यांना पुढच्या वर्षीही द्यावेसे वाटेल ते देतील, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाच्या आठवणीसाठी. दगडी पाटीसारखा कायमचा हक्क कुणाचाच राहत नाही आणि मला हेच पटते.

फुले तिथीप्रमाणे निवडता यावीत. श्रावण-भाद्रपदात तेरडा आणि डेलिया, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती, अ‍ॅस्टर, पिटुनिया, उन्हाळ्यात मोगरा. आमच्या आईची तिथी पौषातली, तेव्हा तिच्यासाठी शेवंतीच. शेवंतीची वेणी आई स्वतः गुंफायची. आणि हे फक्त गेलेल्यांसाठीच कशाला? आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन, कुणाच्या लग्नाची पन्नाशी, नातीचे बारसे, यांनिमित्तही वाफा देता येईल. घरात आणखी एक चांदीचे भांडे येण्यापेक्षा सगळ्या पेठेला दिसणारी फुले बरी.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी लागेल. पाटी वीतभरच असावी: नाव, निमित्त आणि फुलाचे मराठी नाव, बस. कंपन्यांच्या जाहिराती आणि पुढाऱ्यांचे फोटो एकदा आत शिरले की फुले मागे पडतील. दुसरे, आलेला पैसा बी, खत, पाणी आणि माळ्यांच्या मजुरीवरच खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब बागेच्या फलकावर लागावा. वाफा फुलतो तो माळ्याच्या हाताने. त्याची रोजंदारी थकलेली असताना आमच्या आईचे नाव त्या मातीत लावायला मला संकोच वाटेल.

महापालिकेच्या उद्यान विभागाने असा निर्णय ऑगस्टपर्यंत घेतला, तर थंडीच्या हंगामाची लागवड साधेल. आमचे पैसे तसेच ठेवले आहेत. पहिल्या वाफ्याला पाटी लावता आली नाही तरी चालेल, फक्त त्यात पिवळी शेवंती असावी.

आपला,
एक वाचक, पुणे