केरीच्या काकांना, पाऊण लिटरबद्दल

केरीच्या काकांना सप्रेम नमस्कार.

नाव घालू नको, गावात चेष्टा होईल, असं बजावलंत म्हणून नुसतं 'काका' लिहितोय. तुमची होडी ओळखणारे ओळखतीलच. त्या दिवशी लाटेतून वाचवलंत त्याचे समोर असताना धड आभार मानता आले नाहीत. एक तर मी भिजलेलो, त्यात लाजलेलो, आणि तुम्ही चहा पाजून विषयच बदललात. शिवाय पाठीवर मोटर बांधून, डोक्यावरच्या कापडी पंखाखाली लोंबत किनाऱ्यावर उडणारे माझ्यासारखे पॅरामोटरवाले आणखी आहेत. त्यांच्याही वाचनात यावं म्हणून हे उघडं पत्र.

डिसेंबरातला तो रविवार. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून गोव्यात पेडण्याच्या आकाशात, म्हणजे केरीवरही, मनाला येईल तसं उडता येत नाही. हातात परवानगी आहे अशी सकाळ म्हणजे सोनं, मग तीत उंचीची मर्यादा का घातलेली असेना. सातला केरीहून उडायचं ठरलं होतं. म्हापशाहून येताना प्लगचा पाना घरी राहिला, तो आणेपर्यंत साडेनऊ वाजले. तेव्हाच बेत रद्द करायला हवा होता, कारण दिवस वर आला की जमिनीवरचा मंद वारा पडतो आणि वायव्येचा दर्यावरचा वारा लागतो. पण पाना आणायला एवढं धावल्यावर कोण परत जातो?

टाकीत सात लिटर पेट्रोल होतं. माझी मोटर ताशी साधारण चार लिटर पिते. म्हणजे पावणेदोन तास, असा माझा हिशेब. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी करत शापोरा नदीच्या मुखापर्यंत गेलो, तिथे घिरट्या घातल्या, फोटो काढले. परत फिरताना घड्याळात तास होऊन गेला होता आणि वारा नाकावर आला होता. माझा पंख हवेत ताशी चाळीस किलोमीटरने जातो. समोरून पंधराचा वारा असेल तर जमिनीवर हातात पंचवीस उरतात. जाताना जे अंतर वीसेक मिनिटांत मागे पडलं होतं, त्याला येताना अर्धा तास लागत होता. खाली मांद्र्याची तीच माडांची रांग किती वेळ दिसत राहिली, विचारू नका.

आता टाकीचं सांगतो, कारण तुम्ही नेमकं तिथंच बोट ठेवलंत. आमची टाकी पाठीमागे, बसायच्या पट्ट्याच्या खाली असते. मान कितीही वळवली तरी दिसत नाही. माझ्या यंत्राला काटा नाही. गाड्यांच्या आरशावर चिकटवतात तो छोटा गोल आरसा मी डाव्या मनगटावर इलॅस्टिकने बांधतो आणि हात बाजूला काढून त्यात टाकी बघतो. मोटरची थरथर, पाठीमागून ऊन, उलटं प्रतिबिंब, त्यात वर्षानुवर्षं तेल-पेट्रोल पिऊन पिवळं पडलेलं प्लास्टिक. तरी मांद्र्यावरून आरशात पेट्रोल दोन लिटरच्या खुणेवर स्पष्ट दिसलं. दोन लिटर म्हणजे अर्धा तास. मी निर्धास्त.

हरमलची खडपं ओलांडून केरीची वाळू दिसायला लागली आणि मोटर दोनदा खोकली. मग बंद. घड्याळात उड्डाणाला एक तास तेहतीस मिनिटं झाली होती. उंची होती जेमतेम एकशेवीस मीटर. मोटर बंद पडली म्हणून पंख पडत नाही, तो तरंगत खाली येतो. पण पाठीवर एवढं लोखंड आणि समोर वारा असला की त्या एकशेवीस मीटरमध्ये तुम्ही कुठे उतरणार हे तुमच्या हातात फारसं राहत नाही. साधारण दीड मिनिट मिळतं. डावीकडे पाणी, खाली खडक, आणि भरती असल्यामुळे पुढे वाळूची चिंचोळी पट्टी. पाय ओल्या वाळूला लागले, पंख मात्र लाटेवर पडला.

पुढचं तुम्हीच पाहिलंत. पंखाच्या कप्प्यांत पाणी शिरलं, परतणाऱ्या लाटेने तो आत ओढला आणि पट्ट्यांत अडकलेला मी त्याच्या मागे गुडघ्यावर. बघे व्हिडिओ काढत होते. तुम्ही जाळं टाकून धावत आलात आणि ओरडलात, "पयलीं पट्टे सोड!" मी सोडले. तुम्ही पंख मधोमध ओढला नाहीत, रापणीच्या जाळ्यासारखा एका टोकाला धरून वाळूवर आणलात. तो मधे धरला असता तर पाण्याच्या वजनाने आपण दोघंही आत गेलो असतो.

नंतर मला वाटलं आता शिव्या बसणार. तुम्ही टाकीकडे बघितलंत आणि विचारलंत, "पेट्रोल सोंपलें?" मी हो म्हणालो. तुम्ही टाकी हलवून कान लावलात. आत खळखळ होती. झाकणातलं हवेचं भोक तुंबलंय का, हे तुम्ही फुंकर मारून पाहिलंत, कारण तुमच्या होडीच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायला पोरं विसरतात आणि मोटर अशीच गुदमरते म्हणे. भोक मोकळं होतं. मग टाकी सोड्याच्या बाटलीत उपडी केलीत. पाऊण लिटरच्या थोडं वर निघालं.

म्हणजे पेट्रोल होतं, मोटरपर्यंत पोचत नव्हतं. तारेने तुम्ही आतली नळी बाहेर ओढलीत, तर ती वाळलेल्या पडवळासारखी ताठ. नळी मऊ असली की टोकाच्या वजनामुळे ती पेट्रोल जिथे जमा होईल तिथे सरकते. माझी पेट्रोलात राहून कडक झाली होती आणि टाकीच्या पुढच्या बाजूलाच चिकटून राहिली होती. हवेत सांगाडा मागे रेलतो, त्यामुळे उरलेलं सगळं पेट्रोल मागच्या कोपऱ्यात. आणि माझ्या खुणा? त्याही मागच्याच कोपऱ्यावर, यंत्र घरी फरशीवर सरळ उभं करून काढलेल्या! म्हणून आरशात पेट्रोल असलेल्यापेक्षा जास्त दिसत होतं. दोन वर्षं मी हा आरसा बघत होतो, पण यंत्र फरशीवर जसं उभं राहतं तसं हवेत राहत नाही, हे डोक्यात आलं नव्हतं.

"दर्यांत पेट्रोलपंप ना मरे," एवढंच तुम्ही म्हणालात. तेव्हा झोंबलं. आता मीच ते दुसऱ्यांना ऐकवतो.

पुढच्या रविवारी तुमच्या मांगरात, होडी ठेवायच्या खोपीत, केलेलं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. होडी बाहेर काढून तुम्ही जागा केलीत, आढ्याच्या वाशाला दोर टाकलात आणि यंत्र माझ्यासकट टांगलंत. पाय अधांतरी, पाठ मागे रेललेली, अगदी हवेत असते तशी. शेजारच्या दोन आज्या दारात उभ्या राहून हसत होत्या. मग तुम्ही नारळाच्या तेलाचं जुनं लिटरचं माप घेऊन एकेक लिटर ओतत गेलात, बोटाने टाकी टिचकावून पातळी स्थिर होऊ दिलीत आणि दर वेळी काळ्या मार्करने रेघ मारलीत, मला आरशात दिसते त्याच बाजूला. टाकी खाली निमुळती आहे, त्यामुळे रेघांमधलं अंतर कुठेच सारखं आलं नाही. खालचे दोन लिटर तर माझ्या जुन्या खुणांच्या आसपासही नव्हते. अडीच लिटरवर तुम्ही लाल रेघ मारलीत. पेट्रोल तिला टेकण्याआधी खाली उतरायचं.

तेलाच्या बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही, ते आजही बरोबरच वाटतं. तुमच्या मोटरचं तेल गडद रंगाचं, ते घातलं तर पातळी लांबून दिसेल हे खरं. पण तुमची मोटर पाण्याने थंड होते, माझी हवेने, आणि जास्त तापते. ते तेल मला चालणार नाही. पन्नासाला एक या प्रमाणात, सात लिटरला एकशेचाळीस मिली, माझं तेल मी घालतो. फक्त आता निळ्या रंगाचं घेतो. नळी बदलली. आणि आठवडे पडून राहिलेलं पेट्रोल वापरत नाही. हल्ली त्यात इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे दमट हवेला काय तोटा.

तीन बोटं दाखवून तुम्ही जे सांगितलंत ते आमच्या बाकीच्या मंडळींनाही पाठ झालंय: "एक वांटो वचपाक, एक येवपाक, एक दर्याक." म्हणजे पेट्रोलचा एक वाटा जायला, एक यायला, एक दर्यासाठी राखून. त्यापुढे मी दोन गोष्टी जोडल्यात. वाऱ्याच्या तोंडावर आधी जायचं, म्हणजे परतताना तो पाठीशी असतो. आणि आरशाआधी घड्याळ. पंचेचाळीस मिनिटांना मनगटावर गजर होतो, मग आरसा बघायचा, आणि दोघांत फरक दिसला तर जो कमी सांगतो तो खरा धरायचा. उतरल्यावर उरलेलं पेट्रोल मापून वहीत लिहितो. जास्त चढाई केली की मोटर किती पिते ते त्या वहीत लगेच दिसतं. ताशी चार हा माझा आकडा निवांत उडण्यापुरताच खरा होता.

फेब्रुवारीत मांद्र्यावरून मी पाऊण तासातच मागे फिरलो. बरोबरच्या दोघांनी उतरल्यावर चेष्टा केली. करू देत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. दोराचे, वेळेचे, त्या फाटलेल्या जाळ्याचेही नाहीत. वरून पाण्यात तारली माशांचा थवा दिसला तर हात कर, एवढंच मागितलंत. मार्चमध्ये केरीसमोर पाण्यात मोठा काळा डाग दिसला, मी दोन फेऱ्या मारल्या, हात केला, तुम्ही होडी सोडलीत. ती ढगाची सावली निघाली. तुमच्या त्या फेरीचं पेट्रोल माझ्याकडे बाकी आहे. येत्या रविवारी कॅन घेऊन येतो, मापून.

तुमचाच,
म्हापशाचा भिजलेला पाहुणा