एल्कसाठी रायफल घेण्याआधी

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. एल्क या मोठ्या अमेरिकन हरणाच्या शिकारीसाठी डेन्व्हरच्या दुकानात ३०० विंचेस्टर मॅग्नम या जबर काडतुसाची रायफल बघून आलास आणि घ्यायचं जवळजवळ ठरवलंस, म्हणून लगेच लिहायला बसलो. पैसे भरले नसशील तर थांब.

एल्क मोठा म्हणून काडतूस मोठं, हे अर्धंच खरं. नर एल्क ३२० किलोच्या घरात जातो, म्यूल डियर हे हरीण शंभराच्या आसपास, काळविटासारखा प्राँगहॉर्न जेमतेम पन्नास. पण तिघांनाही गोळी लागायला हवी ती एकाच जागी. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. पोटात लागली तर ३०० मॅग्नमही काही करू शकत नाही, आणि जनावर तासन् तास हाल सोसतं. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत ३०० मॅग्नमचा खांद्याला बसणारा धक्का ३०८ विंचेस्टर या मध्यम काडतुसाच्या दीडपटीहून जास्त. नव्या माणसाला तो दहाव्या गोळीच्या आतच भिववतो आणि मग चाप ओढायच्या क्षणी खांदा आपोआप दचकतो.

ते तपासायचं कसं? रेंजवर सोबत्याला मॅगझिनमध्ये पाचांत एक-दोन डमी (बार नसलेली) काडतुसं तुला न दाखवता मिसळायला सांग. डमीवर नुसतं टक् वाजतं. त्या क्षणी नळीचं तोंड खाली गचकलं, तर तुझा खऱ्या गोळीचा नेमही तसाच बिघडतोय.

कोलोरॅडोचा कायदा आधी बघ. मोठ्या जनावराला गोळीचा व्यास किमान ०.२४ इंच, गोळी फुलणारी, आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड (गोळीच्या माऱ्याचं माप) ऊर्जा हवी. गोळीचं वजन हरणाला किमान ७० ग्रेन (गोळी तोलायचं बारीक माप), एल्कला ८५. म्हणजे ०.२४ इंचाहून बारीक गोळीची २२३ कोल्ह्यासारख्या कायोटीपुरतीच. २४३ विंचेस्टर १०० ग्रेनची गोळी घेऊन प्राँगहॉर्न आणि हरणाला झकास, धक्का अगदी हलका. एल्कला ती कायद्यात बसते, पण मी नव्या माणसाच्या हातात देणार नाही. जनावर तिरकं उभं असेल तर हाड फोडून आत पोचायला वजन कमी पडतं.

तुला हरीण आणि एल्क दोन्ही एकाच रायफलीने हवेत, तर ३०८ विंचेस्टर घे, १६५ ग्रेनची गोळी. ३०-०६ थोडी जास्त ताकदीची, १९०६ पासून चालत आलेली, तीही चालेल. ६.५ क्रीडमूरचा धक्का मवाळ आहे, हरणाला उत्तम, एल्कला मात्र जवळून आणि चांगल्या गोळीनेच.

गोळीची जात काडतुसाच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाची. साधी शिसं-तांब्याची गोळी जवळून हाडावर आदळली की फुटून तुकडे होतात, आत पोचत नाही आणि मांस मात्र नासतं. एल्कसाठी बाँडेड (आतलं शिसं तांब्याच्या आवरणाला पक्कं जोडलेली) किंवा अख्ख्या तांब्याची घे. ती छत्रीसारखी फुलते, वजन धरून ठेवते आणि बहुतेकदा पलीकडून निघते. मग रक्ताचा माग सापडतो. तांब्याच्या गोळीचा वेग लांबवर उतरला की ती नीट फुलत नाही, म्हणून पल्ला आवर.

२०० यार्डांवर नेम बांधलास तर १०० वर गोळी साधारण २ इंच वर, ३०० वर ८-९ इंच खाली. बाकावरून नाही, बसून आणि काठीच्या टेकूवरून सराव कर. ज्या अंतरावर पाचही गोळ्या ८ इंची कागदी बशीत बसतात, तेवढाच तुझा पल्ला. तो १५० यार्ड निघाला तरी लाज नाही.

एक धोका मात्र कायम लक्षात ठेव. ३०८ आणि ३०-०६ च्या गोळीचा व्यास एकच, पण ३०८ चं काडतूस आखूड. ते ३०-०६ मध्ये घालून चाप ओढलास तर पितळी नळकांडं फाटून वायू मागे येऊ शकतो. नळीवरचा आणि काडतुसाच्या बुडावरचा ठसा दर वेळी ताडून बघ.

रायफलीआधी हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, कार्ड काढ. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला कोलोरॅडोत त्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. दुर्बिणीचं पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा,
मिलिंद